पहिलीची गूळतुला

“डॉक्टर, तुमचं स्वतःचं वजन किती?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो मागच्या बाकावर कलावतीच्या कंपासपेटीआड तयार झाला होता, आणि विचारणारीला शाळेसमोरच्या गाडीवरची रगडापॅटिसची प्लेट कबूल झाली होती. सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण त्या वर्षी असली कामं माझ्याकडेच यायची.

आदल्या वर्षी कोणी बघितलंही नसतं. आठवीपर्यंत मी इतकी हळू बोलायचे की “हजर” म्हणूनही माझी गैरहजेरी लागायची. मग गॅदरिंगच्या नाटकात हवालदार झालेली मुलगी कांजिण्यांनी आडवी झाली आणि ऐनवेळी माझ्या ओठांवर मिशी चिकटवली गेली. वाक्य एकच होतं, “चला, चौकीवर.” ते मी अशा काही आवाजात म्हटलं की पहिल्या रांगेतले एक पाहुणे उठून चपला शोधायला लागले. तेव्हापासून जयाच्या तोंडाला झाकण राहिलं नाही, असं आई म्हणते.

तर डॉक्टर निमकर. आमच्या हेडबाईंनी, म्हणजे आठल्ये बाईंनी, त्यांना ‘लहान मुलांमधील लठ्ठपणा’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. डॉक्टर खुर्चीत बसले नव्हते, रुतले होते. बोलायला उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर थोडी उठली आणि शिपाई दगडूमामांनी ती मागून धरली. अशा माणसानं तळलेलं खाऊ नका, मुलांना टीव्हीसमोरून उठवा, डोंबिवलीत मैदानांच्या बिल्डिंगा झाल्या म्हणून मुलांची पिंपं व्हायला नकोत, असं तासभर सांगितल्यावर प्रश्न कोणाच्याही मनात आला असता. आमच्याकडे फक्त त्याला तोंड मिळालं.

बाईंचा चष्मा नाकावरून सरकला. तो सरकला की कोणाचं तरी काही खरं नसतं.

डॉक्टर मात्र खो खो हसले. “ब्याण्णव,” ते म्हणाले, “आणि तेही सकाळी, चहाच्या आधी.” मग त्यांनी सांगितलं की तीन वर्षांचे असताना गुटगुटीत बालक स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला होता. घरी पाहुणे आले की त्यांची आई अजूनही आधी तो बक्षिसाचा कप दाखवते आणि मग त्यांची डिग्री. म्हणूनच मी पहिलीतल्या मुलांबद्दल बोलतोय, ते म्हणाले. मोठेपणी वजन उतरवणं किती कठीण, ते माझ्याकडे बघून कळतंच आहे. त्यापेक्षा लहानपणीच मुलांना रोज अर्धा तास पळवा.

ट्रस्टी समोरच बसलेले असल्यामुळे बाईंना हो म्हणावं लागलं. पण पहिलीच्या वर्गाला रोज पळवणार कोण? पहिलीच्या शांताबाईंचे गुडघे धरलेले होते आणि पीटीचे सर हायस्कूलला पुरत नव्हते. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “जिला मला हे विचारता आलं, तिला पोरं पळवणं जड नाही.”

शाळा कोपर स्टेशनच्या बाजूची, दोन पाळ्यांची. लहान वर्ग सकाळी, हायस्कूल दुपारी. सकाळचा शेवटचा अर्धा तास, साडेअकरा ते बारा, पहिलीवाले पाढे म्हणायचे. पाढे हा बाईंचा जीव की प्राण. तो तास देताना त्यांचा चेहरा दागिना गहाण ठेवताना व्हावा तसा झाला होता. त्यांनी अट घातली की माघात डॉक्टर पुन्हा मुलांची वजनं करतील. उंचीच्या मानानं वजनं आटोक्यात दिसली तर ठीक, नाहीतर अर्धा तास पुन्हा पाढ्यांना.

मला रगडापॅटिस मिळालं, आणि वर ही अख्खी पहिली मिळाली.

पहिल्या आठवड्यात कळलं की आमच्या पहिलीला पळता येतच नाही. ही मुलं चालतात, चढतात, लोळतात, एकमेकांना चावतात, पण पळायला सांगितलं की चार पावलांवर थांबून पाणी मागतात. नळापासून फाटकापर्यंत पळा म्हटलं, तर निम्मी मधेच बसली आणि एकानं चक्क डबा उघडला.

त्यात रतन म्हात्रे तर उठलीच नाही. रतन वर्गात सगळ्यांत गोल. दोन वेण्या, वर लाल रिबिनी, आणि गाल असे की डोळे हसताना आत जायचे. ती नळाच्या कट्ट्यावर बसायची. मुलं तिला पिंप म्हणायची. तिला त्याचं काही नव्हतं, कारण तिनं स्वतःसाठी एक पक्कं काम शोधून काढलं होतं. लपाछपीत ती ‘भोज्जा’ असायची. बाकीच्यांनी पळत येऊन तिला शिवायचं आणि सुटायचं.

“तू पण लप ना गं,” मी म्हटलं.

“मी गेली तर शिवतील कोनाला?” ती म्हणाली.

ती पहिल्यांदा पळाली ती चपलेमुळे. चंदू नावाचा एक हाडकुळा पोरगा तिला शिवायला आला आणि जाताना तिची चप्पल घेऊन पसार झाला. रतन कट्ट्यावरून उतरली, आधी चालली, मग भराभर चालली, आणि मग आपण पळतोय हे तिच्याच लक्षात आलं. फाटकाजवळ तिनं चंदूला गाठलं, चप्पल हिसकावली, आणि तीच पुन्हा त्याच्यापुढे धरून म्हणाली, “परत घे.”

त्या दिवसापासून भोज्ज्याचं काम नळाला मिळालं. मी शाळेत आले की रतन फाटकाशी उभी असायची. “जयाताई, आज तास हाय ना?” शनिवारी, उद्या नाही म्हटलं की तिचा चेहरा असा पडायचा की वाटावं, रविवार मीच शोधून काढलाय. माघात हा तास गेला, तर ही मुलगी परत कट्ट्यावर बसणार हे मला स्वच्छ दिसत होतं. बाकीच्यांना गल्लीत तरी खेळायला मिळायचं. रतनला घरी कोणी अंगणाबाहेर पाऊल टाकू देत नव्हतं. ती तान्ही असताना फार आजारी पडली होती म्हणे, तेव्हापासून तिला जपून ठेवलेलं.

वर्गात सगळ्यांत जास्त पळायची रतन, आणि माघ जवळ आला तरी जराही न उतरलेलीही रतनच. मी एक दिवस तिचा डबा उघडून बघितला. वरच्या कप्प्यात तळलेले बोंबील. मधल्यात तांदळाच्या भाकरी, तुपानं माखलेल्या. खालच्यात शिरा. आणि दप्तरात, वाटेत भूक लागली तर, खजूर. मी विचारलं की हे सगळं तू एकटी खातेस? ती म्हणाली, आजी बोलली जत्रेपरयंत खायाचाच, जत्रा झाली का नाय खाल्लास तरी चालेल.

म्हणून मी मासळीबाजारात गेले. बरोबर कलावतीला नेलं. कलावती सारस्वत असल्यामुळे तिला मासे कळतात आणि मला नुसती भांडणं. रतनची आजी रंगूबाई बाजारात मधोमध बसायची. हिरवं लुगडं, नाकात नथ, समोर पापलेटं, हातात कोयता. मी कोण ते सांगितल्याबरोबर कोयता थांबला.

“तूच काय गो ती? माजे नातीला धावडवून धावडवून वालवलीस तू. बोंबील हाय का ती, काठीवर टाकून वालवाला?”

शेजारच्या सगळ्या कोळणी हसल्या. मी हवालदाराचा आवाज काढायला गेले, पण त्या बाजारात माझा आवाज म्हणजे डासाचा. कलावती तर पक्षच बदलून सुरमई दाबून बघायला लागली होती.

मग रंगूबाईंनीच सगळं सांगितलं. रतन तान्ही असताना कावीळ झाली, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा रंगूबाई गावदेवीसमोर पदर पसरून बसल्या आणि बोलल्या, पोर जगली, पायावर उभी राहून धावली, की शालेत जाईल त्या वर्साला तिची गूळतुला करीन. म्हणजे एका पारड्यात पोर, दुसऱ्या पारड्यात तिच्या वजनाइतका गूळ, आणि तो गूळ गावभर वाटायचा. यंदा माघातल्या जत्रेला तुला ठरलेली. आता पोर जितकी जड तितका गूळ जास्त, आणि जितका गूळ जास्त तितका देवीचा मान मोठा. हलकी पोर पारड्यात ठेवली, तर देवीला वाटेल म्हातारीनं ऐनवेळी काटकसर केली.

मी म्हटलं, “आजी, तुम्ही देवीला धावू दे म्हणालात. जाड होऊ दे असं कुठे म्हणालात?”

रंगूबाईंनी पापलेटाचा पर एका घावात उडवला. “धावते कुठं ती? घरात तर बसलेलीच असते.”

“शाळेत धावते. बघायला या.”

“जत्रा झाली का येते,” त्या म्हणाल्या, आणि कलावतीला सुरमईचा भाव सांगायला लागल्या. तो विषय तिथंच संपला.

वजनाचा दिवस जत्रेचाच दिवस निघाला. शाळेच्या भिंतीपलीकडेच गावदेवीचं देऊळ, त्यामुळे सकाळपासून ढोल वाजत होते. दहाच्या सुमाराला डॉक्टर आले, मागे ट्रस्टी आले, आणि डॉक्टरांचा काटा आलाच नाही. बाईंनी विचारलं तर डॉक्टर खाली बघून पुटपुटले की सकाळी दवाखान्यात काटा नीट चालतो का ते बघायला ते स्वतः त्यावर चढले होते. त्यानंतर तो काटा कोणासाठीच चालत नाहीये.

बाईंचा चष्मा सरकला. त्या म्हणाल्या, वजन नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर उद्यापासून पाढे. आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

रतन माझ्या फ्रॉकला धरून उभी होती. नटवलेली, नवीन परकर, केसात अबोलीचा गजरा, तुलेसाठी तयार. तिला सगळं कळलं होतं. “म्हंजे उद्या तास नाय?” तिनं विचारलं, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी बाईंना सांगितलं की काटा आहे, भिंतीपलीकडेच आहे, चांगला माणूस बसेल एवढा आहे.

तशीच धावत देवळात गेले. रंगूबाईंना म्हटलं, आजी, इथं तुला केलीत तर गाव बघेल, शाळेत केलीत तर गाव बघेलच आणि वर ट्रस्टी, डॉक्टर नि हेडबाईसुद्धा बघतील. रंगूबाईंनी एक क्षण विचार केला. मग त्यांनी वळून ढोलवाल्यांना हाक मारली.

अशी आमच्या शाळेत वरात आली. पुढे ढोल, मागे चार माणसांच्या खांद्यावर लाकडी दांडी, साखळ्या आणि दोन मोठी पारडी, त्यामागे टोपलीत गुळाच्या ढेपा, एकेक किलोच्या, पिवळ्याधमक. दगडूमामांनी आंब्याच्या फांदीला दांडी टांगली. पुजाऱ्यानं पारड्याला हळदकुंकू लावलं. डॉक्टरांनी मान डोलावली, ढेपा मोजून वजन लिहायला हरकत नाही म्हणाले. बाईंनी पेन काढलं.

पहिली बसली रतन. ढेपा चढत गेल्या, पारडं उचललं गेलं, ढोल वाजला, रंगूबाईंनी डोळे पुसले. पोरगी पंचवीस ढेपांची भरली. गूळ परत टोपलीत गेला. रंगूबाई म्हणाल्या, वाटायचा तो नंतर वाटू, आधी तुमचं उरकून घ्या.

इथं मोठ्या माणसांमध्ये वाद सुरू झाला. बाईंचं म्हणणं, मुलांनी बूट घालून बसावं कारण शिस्त. पुजाऱ्याचं म्हणणं, बूट काढावेत कारण देवीचं पारडं. डॉक्टरांचं म्हणणं, बूट काढावेत कारण बुटांचं वजन. काढावेत यावर दोघांचं एकमत असूनही पुजारी आणि डॉक्टर कारणावरून भांडत राहिले, आणि मी मध्ये पडून तिसरं कारण सांगितलं. एवढ्या वेळात गुळाची टोपली कोणाजवळ होती? पहिलीजवळ.

मग वजनं सुरू झाली. दुसरा मुलगा सव्वीस ढेपांचा भरला. तिसरी मुलगी सत्तावीस. पुढचा त्याहून जड. जो तो आपल्या आधीच्यापेक्षा जड निघायला लागला. बाई लिहीत गेल्या आणि लिहिता लिहिता त्यांचा चेहरा उजळत गेला. डॉक्टर घाम पुसायला लागले. ट्रस्टी मला विचारत होते की तुम्ही मुलांना पळवत होतात की जेवायला वाढत होतात.

शेवटी चंदू बसला. चंदू म्हणजे दोन काड्या आणि एक चड्डी. वारा आला तर त्याला शांताबाई धरून ठेवतात. त्या चंदूसमोर टोपलीतल्या सगळ्या ढेपा ठेवल्या, तरी त्याचं पारडं जमिनीवरच.

“चंदू आख्ख्या टोपलीहून जड?” डॉक्टर म्हणाले.

मी जवळ जाऊन एक ढेप उचलली. ती सफरचंदासारखी चहूबाजूंनी खाल्लेली होती. दुसरी उचलली, तिच्यात एक दुधाचा दात रुतलेला होता. मग मी पहिलीकडे बघितलं. सगळ्यांची तोंडं चिकट, हनुवट्यांवरून ओघळ, आणि एक जण तर परकराच्या ओच्यात पुरवठा घेऊन बसलेली. लठ्ठपणाच्या धास्तीनं चालू केलेल्या कार्यक्रमाच्या शेवटी आमच्या वर्गानं देवीचा अर्धाअधिक गूळ संपवला होता.

बाईंनी वही मिटली. “म्हणजे वजन झालंच नाही,” त्या म्हणाल्या. “कार्यक्रम इथंच बंद. गूळ खाली ठेवा आणि रांगेत उभे राहा.”

पोटात एवढा गूळ गेलेली पहिली रांगेत उभी राहत नाही. एकानं पळायला सुरुवात केली आणि अख्खा वर्ग उधळला. रतननं सगळ्यांत मोठी ढेप छातीशी धरली आणि सुसाट निघाली. बाई ओरडल्या, धरा तिला. दगडूमामा धावले. रतननं नळाला वळसा घातला आणि मामा नळावर आपटले. ढोलवाला धावला, त्याला ढोलच आडवा आला. डॉक्टर फाटकाशी हात पसरून उभे राहिले. रतन त्यांच्या बगलेखालून वाकून निघून गेली. मग डॉक्टरांनी पाठलाग केला, आंब्यापर्यंत बरा केला, आणि तिथं झाडाला धरून उभे राहिले. रतन दुसऱ्या फेरीत त्यांच्याजवळून गेली तेव्हा “डॉक्टर, चला ना,” असं म्हणालीसुद्धा.

मी बाईंसमोर उभी राहिले. माझा आवाज हवालदाराचा नव्हता, साधाच होता. “बाई, ही मुलगी दिवाळीआधी नळाच्या कट्ट्यावरून उतरत नव्हती. आता तिला पकडायला माणसं कमी पडतायत. वजन राहू दे. हे लिहा ना वहीत.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. बोलल्या त्या रंगूबाई. त्या पारड्याशेजारी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. त्यांनी नातीला घरात बसलेलीच बघितली होती, अशी कधीच नाही.

“देवीला बोलली होती, धावू दे,” त्या म्हणाल्या. “आई गो, ही तर थांबतच नाय.” मग त्या बाईंकडे वळल्या, आणि त्यांचा बाजारातला आवाज आला. “बाय, हिचा धावायचा तास बंद करशील तर मी रोज साडेअकराला इथं टोपली घेऊन बसेन. फाटकात. शिळी सुकट घेऊन.”

झाडाला टेकलेल्या डॉक्टरांनी हात वर केला. श्वास मिळाल्यावर ते म्हणाले की वजनापेक्षा हीच परीक्षा खरी, आणि मुलांसाठी नको असेल तर निदान त्यांच्यासाठी तरी हा तास चालू ठेवावा, ते रोज येतील. ट्रस्टींना सुकटीचा वास आत्ताच यायला लागला असावा. त्यांनी ताबडतोब मान हलवली.

बाईंनी चष्मा वर ढकलला. पण आठल्ये बाई हरल्या तरी एक फास शिल्लक ठेवतात. तास चालू राहील, त्या म्हणाल्या, पण घेणार कोण? जून आला की ही मुलं दुसरीत आणि जया दहावीत. दहावीच्या मुलीला असले उद्योग देता येणार नाहीत, घरच्यांनी स्वतः येऊन चालेल असं सांगितल्याशिवाय. आणि दुसरी ताई तयार असेल तर आत्ता नाव द्या. मी मैत्रिणींकडे बघितलं. कलावती आंब्याला किती मोहोर आलाय ते मोजायला लागली.

रतन दमून माझ्याजवळ आली. दमली म्हणजे नुसती थांबली. तिनं उरलेल्या ढेपेचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, फक्त ‘आज’च्या जागी ‘दुसरीत’ घालून. मी हो म्हटलं. आधी हो म्हटलं आणि मग आठवलं की आईनं माझं नाव दहा ते बाराच्या क्लासला घातलंय. त्या क्लासच्या सरांकडे गेल्या वर्षी बोर्डात आलेली मुलगी शिकायला होती, आणि तिथं जागा मिळावी म्हणून आई दोनदा त्यांच्या बायकोबरोबर हळदीकुंकवाला गेली होती.

घरी आले तर बाबा एमआयडीसीतून येऊन जेवायला बसले होते. रंगाच्या कंपनीत असल्यामुळे त्यांची बोटं त्या दिवशी हिरवी होती. आई आमटी वाढत होती. शाळेत देवीची तुला झाली ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती, फक्त आईपर्यंत येता येता त्यात मला पारड्यात बसवलं गेलं होतं. मी ते आधी दुरुस्त केलं. मग सगळं सांगितलं, दात लागलेल्या ढेपांपासून सुकटीच्या धमकीपर्यंत. बाबांना ठसका लागला. आई हसता हसता एकदम थांबली, कारण आईला गोष्ट कुठं चाललीय ते दोन वळणं आधी कळतं. तिनं पळी खाली ठेवली.

मी पाटावर बसले नाही, उभीच राहिले.

“आई, बाबा, मी दहा ते बाराच्या क्लासला जाणार नाही. संध्याकाळच्या बॅचला जाईन, शाळा सुटली की थेट. तिथं सगळे मुलगे असले तर असू देत. पण रोज साडेअकरा ते बारा मी या पहिलीच्या वर्गाबरोबर मैदानावर असणार, ती मुलं दुसरीत गेली आणि मी दहावीत गेले तरीसुद्धा. आणि उद्या सकाळी तुम्ही दोघं आठल्ये बाईंना हे सांगायला माझ्याबरोबर शाळेत येताय.”